भिजवलेले सकिनालू

माझ्या आईला दात नव्हते, आणि आमच्या घरातले सकिनालू रोज रात्री कमी होत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. तो मी जोडून दिला.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. (माझ्या बायकोला, सुमनला, माहीत आहे. पण तिला मी सांगितलं नाही; ती तिथे होती.) मी मुळात कमी बोलणारा. ऑफिसात लोक म्हणायचे, "साहेब बोलत नाहीत, फार सज्जन आहेत." तोंड बहुतेक वेळा भरलेलं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तेव्हा आंध्र प्रदेश अजून अखंड होता. मी आदिलाबादला सरकारी कारकून. गावाला लागूनच मावल्याला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढं भाड्याचं घर. त्यात मी, सुमन आणि माय. सुमन नेरडीगोंड्याच्या बाजूच्या मराठी शाळेत शिक्षिका. पहाटेची बस गाठायची म्हणून ती नऊला झोपायची. माय साडेआठलाच. आणि मी? मला बारापर्यंत झोप नाही. टीव्ही लावावा तर आवाज होतो, पुस्तक वाचावं तर दिवा लागतो. घरातला कर्ता पुरुष अंधारात बसून भिंतीकडे बघतोय! अशा वेळी माणूस एक तर साधू होतो, नाही तर स्वयंपाकघरात जातो.

भूक नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. नुसता कंटाळा. पहिल्या रात्री चार शेंगदाणे. मग मूठभर फुटाणे. मग शिळ्या भाकरीवर तेल-तिखट. महिन्याभरात मी अंधारात नुसत्या बोटांनी डबे ओळखायला लागलो. ऑफिसात फाइल सापडायला मला तीन दिवस लागायचे, पण घरात चिवडा तीन सेकंदांत!

अशात संक्रांत आली, आणि शेजारच्या लक्ष्मक्कांनी डबाभर सकिनालू पाठवले. तांदळाच्या पिठात तीळ-ओवा घालून, फडक्यावर हातानं एकात एक वेढे घालून तळलेले. चवीला अप्रतिम. पण कडक! दिवसा खाल्ले तर नुसता कुरकुर आवाज. रात्री खाल्ले तर गल्लीतली कुत्री उठतात. पहिल्या रात्री मी एक तुकडा चावला, आणि आतून सुमनचा आवाज आला, "अवो, कवेलू पडलं का काही?"

छपरावरचं कवेलू फुटल्यासारखा आवाज माझ्या तोंडातून येत होता! मग मला उपाय सुचला. (आयुष्यात मला एकच शोध लागला, आणि तो हा.) स्टीलच्या पेल्यात पाणी घ्यायचं, सकिनालू त्यात बुडवायचे, शंभरपर्यंत आकडे मोजायचे, मग खायचे. चव गेली, कुरकुर गेली, तीळ वर तरंगायला लागले. पण आवाज शून्य. सकिनालूचा असा अपमान संपूर्ण तेलंगणात कुणी केला नसेल.

आठवड्यानं सुमननं डबा उघडला.

"अवो, घरात उंदीर झाला."

"असंल."

"झाकण काढून खाते, आन परत लावून ठेवते?"

"इकडचे उंदीर हुशार राहतात," मी म्हणालो.

सुमननं पिंजरा आणला आणि आत भजं अडकवलं. आता तुम्हीच सांगा, रात्री अकराचा कंटाळा, समोर कांद्याचं भजं, आणि माणसाच्या हाताशी चिमटा! सकाळी पिंजरा उघडा, भजं गायब. सुमननं पिंजरा उलटा करून पाहिला.

"आपल्या घरचा उंदीर शिकलेला दिसते," ती म्हणाली.

त्यानंतर दोन दिवसांनी घात झाला. मी पेल्यात दोन सकिनालू बुडवून मायच्या खाटेजवळच्या खिडकीत बसलो होतो (तिथे वारा चांगला यायचा), तेवढ्यात आत सुमन उठल्याची चाहूल लागली. मी पेला तिथेच टाकून अंथरुणात शिरलो, आणि वेड्यासारखा झोपून गेलो. सकाळी सुमननं तो पेला उचलला. आत दोन सकिनालू फुगून बसलेले.

ज्याला दात आहेत तो सकिनालू कशाला भिजवेल? शिक्षिकेचं डोकं ते! तिला उंदीर सापडला.

"आत्याबाई, हे तुमी खाता रात्री?"

मायनं पेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरकडे पाहिलं. त्या दिवशी कुठला वार होता ते मला आजही सांगता येईल.

"असंल माह्यंच," माय म्हणाली.

"काऊन खाता जी? शुगर हाय ना तुमाले!"

"भूक लागते बाई. म्हाताऱ्या मानसाचं असंच राह्यते."

मी तिथे उभा होतो. 'मी' हा शब्द मराठीत एक अक्षराचा आहे. तेवढा तोंडातून निघाला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मी ऑफिसला निघून गेलो.

आम्ही बौद्ध माणसं. दर रविवारी संध्याकाळी तिघंही विहारात जायचो. पंचशील म्हणताना दुसरं शील येतं ते चोरी न करण्याचं, आणि चौथं खोटं न बोलण्याचं. त्या रविवारी दुसऱ्याला मला खोकला आला. चौथ्याला तर असा आला, की पुढच्या रांगेतल्या माणसानं मागे वळून पाहिलं. माय शेजारीच हात जोडून बसली होती.

सोमवारी सुमन आम्हाला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर तेलुगू. मायला तेलुगू येत नव्हतं. सुमन सीमेवरच्या खेड्यातली, मराठी शाळेत शिकलेली, मराठी शाळेत शिकवणारी. तिचं तेलुगू बसची पाटी वाचण्यापुरतं. म्हणजे दोन्ही भाषा कळणारा त्या खोलीत एकटा मी. सुमननं मला कोपरानं ढोसलं, "सांगा ना, माय रात्री खाते म्हनून." मी सांगितलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहत मला विचारलं, "रात्री तिंटदा? निजमा?" रात्री खाते? खरंच?

"अवुनु," मी म्हणालो. हो.

एवढं सोपं असतं खोटं बोलणं. परक्या भाषेत तर खोकलाही येत नाही.

डॉक्टर मायकडे वळले आणि बोट हलवत म्हणाले, "अम्मा, रात्री तिंडी चालु!"

मायचा चेहरा उजळला. "पाय सुमन, डाक्टर म्हनते चालू! भला मानूस हाय."

"काय?" सुमननं माझ्याकडे पाहिलं. "चालू ठेवा म्हनते?"

"नाही नाही. तेलुगूत तिंडी म्हंजे खाणं, आन चालु म्हंजे बस. पुरे करा."

"मंग उलटीच भासा हाय ना थे!" माय म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच. हसता हसता डॉक्टरांनी मायची शुगरची गोळी अर्धीची एक केली, आणि सुमननं वाटेत एक कुलूप विकत घेतलं.

त्या रात्रीपासून स्वयंपाकघराला कुलूप. किल्ली सुमनच्या उशीखाली. आता तरी मी सुधारावं की नाही? मी बाजारातून बत्तासे आणले! (बत्तासा चावावा लागत नाही, जिभेवर आपोआप विरघळतो, चोराचा खाऊ म्हणजे हाच.) ते लपवले बस्त्यात. बस्ता म्हणजे आमच्या ऑफिसातलं जुन्या कागदांचं लाल कापडी गाठोडं. निजामाच्या काळापासून हाच शब्द. "घरी बसून काम करायचं आहे," असं सांगून मी तो घरी आणला होता. सुमनला माझं कौतुक वाटलं. रोज रात्री मी बस्ता सोडायचो, आणि ती झोपेत म्हणायची, "किती करान जी काम!"

पण बत्तासे गोड. चौथ्या रात्री खारट खावंसं वाटलं. मी सुमनच्या केसांतला आकडा घेतला आणि कुलपात घातला. फिरवला. कट्‌! अर्धा आकडा माझ्या हातात, अर्धा कुलपात. मी हातातला तुकडा अंगणात फेकला आणि झोपलो. सकाळी काय ते पाहू.

सकाळ व्हायच्या आधीच सुमननं मला हलवून उठवलं. "अवो, उठा! आत्याबाई कशातरीच करून राह्यल्या!"

माय खाटेवर बसली होती. लुगडं घामानं भिजलेलं, हात थरथरत होते. माझ्या वडिलांना हाक मारून ती म्हणत होती, बैल सोडा, बैल सोडा. वडील जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

"शुगर उतरली," सुमन म्हणाली. "साखर द्या लागते." ती किल्ली घेऊन धावली. किल्ली कुलपात जाईना. "हे काय झालं याले? काही अडकलं आत!" तिनं कुलूप ओढलं, बाहेर ठेवलेला खलबत्ता हाणला. कुलूप चांगल्या दुकानातलं होतं. "उभे काय राह्यले? लक्ष्मक्काकडून साखर आना! पळा!"

आता खरं सांगतो. इतकी वर्षं सांगितलं नाही, ते हे. लक्ष्मक्कांचं घर शेजारी असलं, तरी त्यांचं फाटक उघडून, त्यांना उठवून, साखर घेऊन यायला पाच मिनिटं लागली असती. बस्ता माझ्यापासून चार पावलांवर होता. आणि मी दाराकडे निघालो. दोन पावलं टाकली. साखर शेजाऱ्यांकडून आली तर कुणाला काही कळणार नव्हतं, हा हिशेब माझ्या डोक्यात त्या वेळीही पक्का होता.

मागून माय म्हणाली, "बापू, जेवला का रे?"

बापू मी. तिला तेव्हा कुणीच ओळखू येत नव्हतं, आणि तिनं हे विचारलं.

मी परत फिरलो. बस्त्याची गाठ दातांनी सोडली. जुने पिवळे कागद खोलीभर उडाले आणि त्यांतून बत्तासे घरंगळले. मायच्या खाटेजवळच्या तांब्यातून पेल्यात पाणी घेतलं, बत्तासे टाकले, बोटानं ढवळले. सुमन हातात खलबत्ता घेऊन बघत होती. भिजवण्याच्या कामात माझा हात तालुक्यात कुणी धरला नसता! घोट-घोट करून मायला पाजलं. एक पेला, दुसरा पेला. थोड्या वेळानं घाम थांबला. मायनं आमच्याकडे पाहिलं, जमिनीवर पसरलेल्या कागदांकडे पाहिलं.

"हे कायचं दुकान मांडलं रे?" ती म्हणाली.

सुमन मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मग तिला कागदाखाली एक बत्तासा दिसला. तिनं तो उचलला, पुसला, माझ्यासमोर धरला.

"म्हंजे उंदीर तुमी."

मी मान हलवली. तिनं मग कुलपाकडे पाहिलं. मग स्वतःच्या केसांना हात लावला. एक आकडा कमी होता. पुढचं मी लिहीत नाही.

सकाळी पुन्हा डॉक्टर. सुमन म्हणाली, "सांगा आता. तेलुगूतच सांगा." मी सांगितलं, "नेने तिन्नानु." मीच खाल्लं. दोन शब्द. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, आणि मायची गोळी पुन्हा अर्धी केली. मला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

परतताना रिक्षात मी मायला विचारलं, "तुले मालूम होतं?"

"दात नाहीत म्हनून डोये बी नाहीत का मले? खिडकीत बसून खात होता, माह्या उशाशी! आन चवथ्या शीलाले तुले खोकला येते, थे का मले ऐकू येत नाही?"

"मंग बोलली काऊन नाही?"

"पोरगं सोताहून सांगंल म्हटलं," माय म्हणाली. "लयच टाइम लावला रे."

ती सवय मायनं मोडली. औषध साधं होतं. त्या रात्री ती झोपली नाही. खाट थापटून म्हणाली, "कटाळा येते तं इथं बस. तोंड खाजून राह्यलं तं बोल." मी, कमी बोलणारा माणूस, बसलो. ती लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची तेव्हाच्या गोष्टी सांगायची, मी ऑफिसातल्या. बारा कधी वाजायचे कळायचं नाही. स्वयंपाकघर उघडं असायचं आणि मी तिकडे फिरकायचोही नाही. चार वर्षं मी रात्री एक दाणा खाल्ला नाही. मग माय गेली. खाट आम्ही काढली नाही, पण तिच्यावर बसून एकट्यानं बोलता येत नाही. आणि स्वयंपाकघर अजूनही उघडंच असतं.

गेल्या महिन्यात माझीही शुगर निघाली. दोन दाढा आधीच गेल्यात. नवे डॉक्टर, पण तेलुगूच. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "सर, रात्री तिंडी चालु."

शेजारी सुमन बसली होती. "काय म्हनते?"

"म्हणतात, बस झालं. पुरे करा."

"मले समजलं," सुमन म्हणाली. "एवढ्या वर्षांत शिकली मी तेलुगू. तुमी काय सांगता, थे पाहून राह्यली होती."

मला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःबद्दलचं भाषांतर बरोबर केलं होतं! मी तिचा हात धरला आणि डॉक्टरांसमोर, मायची आठवण काढून, ठामपणे म्हणालो, "आजपासून रात्रीचं खाणं बंद. एकदम बंद."

आणि मला खोकला आला.