बियाण्याचं मीठ
पेरणीआधी धानाचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकलं, की पोचट दाणे वर तरंगतात आणि मला बायकोचा पाय आठवतो. शुगरनं तो काळा पडत होता. नर्सबाई सांगून गेली, एक टक्का मिठाच्या पाण्यानं रोज धुवा, नाहीतर कापावा लागेल. मी चौथी शिकलेला, टक्का काय समजणार? रडकुंडीला येऊन दहा लिटरच्या बादलीत मुठीमुठीनं मोहाडीच्या बाजारातलं मीठ टाकू लागलो. खाटेवरून ती ओरडली, "पायाचं लोणचं घालता काय जी? बियाण्याले एवढ्याच पाण्यात तीनशे ग्राम टाकतो, ते तीन टक्के. त्याचा तिसरा हिस्सा घ्या!" शंभर ग्राम निघालं. गणित बरोबर होतं, तरी पाय गेला, मागून तीही गेली. आज बियाण्यासाठी तीनशे ग्राम मोजायचं होतं. हात शंभरावरच थांबला.