गाऱ्हाणं घालणाऱ्याचं गाऱ्हाणं

रत्नागिरीजवळच्या पालीच्या अलीकडे हमरस्ता सोडून आत वळलं की चढणीवर धनावडेवाडी लागते. तिथे भागोजी धनावडे कुठे राहतो म्हणून कुणालाही विचारा, घर दाखवायच्या आधी माणसं त्याच्या आवाजाचं कौतुक सांगत बसतील. दिसायला म्हणाल तर काही नाही. काटकुळी अंगलट, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, आंब्याच्या बागेत राखणीला जाणारा माणूस. दहाजणांत उभा केला तर डोळा त्याच्यावरून घसरून पुढे जाईल. पण शिमग्यात वाघजाईची पालखी अंगणात बसली आणि भागोजीने घसा खाकरला, की ढोल थांबतो आणि मुंबईहून आलेली पोरं हातातले मोबाइल खिशात घालतात.

कारण वाडीचं गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराकडे. आधी बापूस घालायचा, त्याच्यामागे हा. गाऱ्हाणं म्हणजे रडगाणं नव्हे बरं का. देवापुढे उभं राहून एखाद्याचं मागणं खड्या आवाजात मांडायचं, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, म्हणजे ते मागणं एकट्याचं न राहता अख्ख्या वाडीचं होतं. रीत अशी, की ज्याचं मागणं त्याने नारळ हातात धरून भागोजीसमोर उभं राहायचं आणि तोंड मिटून घ्यायचं. बोलेल तो भागोजी.

आणि बोलतोही कसा! माणसं त्याच्या कानात सांगतात एक आणि तो मांडतो दुसरंच, पण जे मांडतो तेच खरं असतं. प्रभावतीवहिनीचं घ्या. नवरा गेलेला, एकुलता लेक संध्याकाळ झाली की गुत्त्यावर. साऱ्या वाडीला ठाऊक, पण वहिनीच्या तोंडून कधी अवाक्षर नाही. नारळ धरून उभी राहिली आणि म्हणाली, "माझं काय नाय भागूदादा, सगळ्यांचं बरं कर म्हणा." भागोजीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "हे म्हाराजा, ह्या बायचा लेक सांजच्याला घराची वाट चुकतो. त्येला घरचा दिवा दिसंल असं कर." नाव नाही, दारू नाही, दोष नाही. वहिनी ढसाढसा रडली आणि मागे उभ्या असलेल्या लेकाने खाली घातलेली मान बराच वेळ वर केली नाही. त्याची दारू सुटली का म्हणाल, तर नाही सुटली. पण त्या वर्षी वाडीतल्या माणसांनी त्या बाईशी बोलताना नजर चुकवायचं सोडलं, हेही काही थोडं नाही.

असं हे दुसऱ्याच्या काळजातलं ओळखणारं माणूस. पण त्याला स्वतःला काही विचारा. भाकरीबरोबर काय वाढू? "बरं." म्हणजे काय ते आपण समजून घ्यायचं. घरापुढच्या खळ्यात झोपता की आत? "बरं." बायको काशी म्हणायची, "ह्येंच्या 'बरं'ला आतून कडी हाय. म्या बाहेरून ठोठावते आपली." आणि हसायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, ठोठावून तिचे हात दुखले नव्हते ही तिचीच थोरवी.

गेल्या पावसाळ्यात भागोजी चिऱ्यांच्या पायरीवर घसरला आणि उजवं मनगट मोडून बसला. मुलगा संदेश मुंबईहून धावत आला. रत्नागिरीच्या दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत पोरगा बाकावर नुसता गुडघे हलवत बसला होता. त्या दिवसापासून त्याने ठरवलं की आई-बापाला इथे एकटं ठेवायचं नाही. बदलापूरला त्याने लिफ्ट असलेल्या इमारतीत जागा घेतली. सून दीप्ती मनाने मोकळी, तिने एक खोली सासू-सासऱ्यांसाठी रंगवून घेतली. छोटी संस्कृती रोज व्हिडिओ कॉलवर त्या खोलीचा दरवाजा उघडून दाखवायची. सांगा, यात वाईट कोण? कुणीच नाही. म्हणूनच तर पंचाईत.

शिमग्याला संदेश आला तो सगळं पक्कं करूनच. जेवताना म्हणाला, "बाबा, सण झाला की माझ्याबरोबरच चला. परत यायचंच झालं तर गणपतीला येऊ, पण राहायचं तिकडे."

भागोजी म्हणाला, "बरं."

संदेशचा जीव भांड्यात पडला. काशीने मात्र ताटातला हात थांबवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, संदेश दुकानावर गेला असताना, तिने विषय काढलाच. "अवो, जायाचं हाय तुमाला?"

"पोराने येवढं केलंन. जायाला व्हवं."

"पोराचं नाय विचारलं. तुमचं विचारलं."

"तुला नातीची वढ हाय, माला ठावं हाय."

"हाय. माला तितं जायाचं हाय, म्हयनाभर नातीजवळ ऱ्हायाचं हाय, आणि मंग आपल्या चुलीपाशी यायाचं हाय. माझं माला सगळं ठावं हाय. तुमचं सांगा."

भागोजीने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की सांगायला काहीच नाही. म्हणजे लपवत होता असं नव्हे. बिचारा खरोखर आत जाऊन शोधत होता आणि हाताला काही लागत नव्हतं.

तो उठला आणि वर सड्यावर गेला. उघडा कातळ, उन्हाने तापायला लागलेला. आसपास कुणी नाही असं पाहून त्याने टॉवेल काढला, हात जोडले आणि घसा खाकरला. मनाशी म्हणाला, साऱ्या वाडीचं घालतो, एक आपलंही घालून बघू. "हे म्हाराजा," त्याने सुरुवात केली, "हा तुझा भागोजी तुझ्यापुढं उभा हाय. ह्येच्या पोराला सुखी ठेव. ह्येच्या सुनेच्या हाताला यश दे. ह्येच्या बायकोचे गुडघे..." असं करता करता पोर झालं, सून झाली, नात झाली, बागेचा मालक झाला, प्रभावतीवहिनीचा लेकही झाला. मग गाडी भागोजीपाशी आली आणि थांबली. "ह्येच्या मनात..." म्हणाला आणि पुढचा शब्दच येईना. त्याला समोर माणूस लागायचं. नारळ धरलेले हात पाहिले, पापण्यांची फडफड पाहिली की त्याला सुचायचं. स्वतःसमोर स्वतःला उभं करायचं कसं?

घरी येऊन त्याने दाढीच्या आरशात पाहिलं, तेही करून झालं. आरशात त्याला त्याचा बापूस दिसला. बापसानेही कधी स्वतःचं काही सांगितलं नव्हतं. भागोजी आरशाला "बरं" म्हणाला आणि तो पालथा घालून ठेवला.

मनगट सांधल्यावर, नवं घर बघायला म्हणून पंधरवडाभर तो एकटाच बदलापूरला राहून आला होता. हाल काही नव्हते. गरम जेवण, पंखा, टीव्ही. खाली फिरायला गेला की लोक हसून विचारायचे, "संदेशचे वडील ना?" तो मान हलवायचा. दुपारी खिडकीत बसायचा आणि समोरच्या इमारतीतली माणसं बघत राहायचा. एक बाई रोज कपडे वाळत घालून झाल्यावर तिथेच कठड्याला टेकून उभी राहायची. खालचा वॉचमन खुर्चीतून सारखा उठून फाटकापर्यंत जाऊन यायचा. भागोजी मनातल्या मनात त्यांची गाऱ्हाणी घालायचा. ह्या बायला कुणीतरी हाक मारंल असं कर म्हाराजा. ह्या गड्याला त्याच्या गावाला धाड म्हाराजा. आणि मग 'व्हय म्हाराजा'ची वाट बघायचा. पंखा तेवढा घरघरायचा. परत आल्यावर हे त्याने काशीला सांगितलं होतं, गंमत म्हणून. काशी तेव्हा हसली नव्हती.

पालखी त्यांच्या अंगणात आली ती चौथ्या प्रहरी. काशीने सारवलेल्या अंगणात रांगोळी घातली होती. खांदेकऱ्यांनी पालखी नाचवली आणि पाटावर बसवली. बायांनी ओट्या भरल्या. आता घरच्यांचं गाऱ्हाणं. दर वर्षी नारळ संदेश धरायचा, नाहीतर काशी, आणि भागोजी त्यांच्यासाठी मागायचा. या वर्षी संदेशच्या मनात वेगळं आलं. बापाचं गावातलं हे शेवटचं गाऱ्हाणं, मान त्याला मिळावा, म्हणून त्याने मायेने नारळ उचलला आणि बापाच्याच हातात दिला.

"बाबा, आज तुमच्यासाठी. आई-बाबांना बदलापूरचं पाणी मानवू दे म्हणून घाला."

पोराचं प्रेम खरं, पण एवढं शिकूनसवरून रीत विसरला. नारळ धरणारा भागोजी, मग गाऱ्हाणं घालणारा कोण? भागोजी नारळ घेऊन उभा राहिला. समोर बघितलं तर समोर कुणी नाही. घसा खाकरला. "हे म्हाराजा..." वाडी म्हणाली, "व्हय म्हाराजा!" आणि मग काहीच नाही. भागोजीचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. पाऊस पडो, भांडण होवो, कुणाच्या घरचं सुतक नुकतंच फिटलेलं असो, ज्याचा आवाज कधी अडला नव्हता, तो आज आपल्याच अंगणात मुका झाला.

कुजबुज सुरू झाली. सगळ्यांत वयोवृद्ध आत्मारामबाबा काठी टेकत म्हणाले, "अरे, धरणाऱ्यानं बोलू नये. ह्येचं दुसऱ्या कुणीतरी घाला." माणसं एकमेकांकडे बघायला लागली. भागोजीसमोर भागोजीचं काम करायची कुणाची छाती होती?

काशी ओटीचं तबक खाली ठेवून पुढे आली. पदर खोचला आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

आत्मारामबाबांनी भुवया चढवल्या. "बाईमाणसानं?"

"देवी काय बापयमाणूस हाय?" काशी म्हणाली. बायकांच्या घोळक्यात खसखस पिकली आणि बाबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. माघार घ्यायची झाली की ते तसंच करतात.

काशीने भागोजीकडे पाहिलं. तो जसा इतरांकडे पाहायचा, अगदी तसं. आधी नारळ धरलेले हात पाहिले, मग पापण्या.

"हे म्हाराजा," ती म्हणाली. आवाज बारीक होता पण फुटला नाही. "हा माणूस साऱ्यांचं बोलला."

"व्हय म्हाराजा."

"मुक्याचं बोलला, रडतीचं बोलला, ज्येला लाज वाटते त्येचं झाकून बोलला."

"व्हय म्हाराजा!" हे प्रभावतीवहिनीने सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. तिच्या शेजारी तिचा लेक उभा होता.

"सवताचं म्हणून ह्येने कवा काय मागितलान नाय. आमीबी कवा विचारलं नाय. विचारलं तर थांबून ऐकलं नाय. चूक आमची हाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्येच्या मनात काय हाय ते माला ठावं हाय. पन मी सांगायची नाय. त्येच्या तोंडानं त्येला बोलू दे. वाकडं असो, सरळ असो. येवढंच मागनं म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

आणि ती तिथेच उभी राहिली. बाजूला झाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा भागोजीच्या समोरचं माणूस त्याचंच गाऱ्हाणं घेऊन उभं होतं. तिच्या डोळ्यांत त्याने पाहिलं. काय दिसलं कोण जाणे. आरशात दिसला तसा बापूस नक्कीच नव्हता.

"माला..." तो म्हणाला. नेहमीचा खडा आवाज नव्हता तो. शेजारच्याला जेमतेम ऐकू जाईल असा. "माला हितंच ऱ्हायाचं हाय."

मग त्याने पोराकडे पाहिलं.

"पोराचं घर चांगलं हाय. सून गुणाची हाय. पन तितं माला माझा आवाज ऐकू येत नाय. माला भ्या वाटतं."

गाऱ्हाण्याच्या वाक्यामागे 'व्हय' म्हणायला वाडी कधी चुकत नाही. त्या दिवशी चुकली. सगळ्यांच्या नजरा संदेशकडे वळल्या. तो खळ्याच्या खांबाला धरून उभा होता. त्याला ती रंगवलेली खोली आठवत असेल, दवाखान्यातला बाक आठवत असेल. त्याची नजर बापाच्या त्या मोडून सांधलेल्या मनगटावर गेली. मग पुढे आला आणि आईच्या बाजूला, बापाच्या समोर उभा राहिला.

"व्हय म्हाराजा," संदेश म्हणाला.

त्याच्यामागून साऱ्या वाडीचा आवाज उठला, आणि भागोजीने नारळ छातीशी धरून डोळे मिटले.