ढवळीच्या नावानं उघडणारी फाईल

मेंढरं राखणाऱ्या सांडूच्या पोरीला, योगिनीला, मेंढरांचे कान आधी वाचता आले, अक्षरं मागून. लासूर स्टेशनच्या अलीकडं चार घरची मेंढरं एकत्र चरायची, म्हणून प्रत्येकाची खूण निराळी. सांडूच्या मेंढरांच्या डाव्या कानाला दोन चिरा. कुणाच्या कपाशीत मेंढरू घुसलं की शेतकरी आधी कान बघायचा आणि ज्याची खूण त्याचा उद्धार करायचा. हाकत कोण होतं, हे कुणी विचारत नव्हतं.

योगिनी शिकली, कॉम्प्युटरचा कोर्स केला, अन् आई बानाबाईला घेऊन शहरात मुकुंदवाडीला खोली करून राहिली. नोकरी लागली शेंद्र्याला, अप्पारावच्या हापिसात. अप्पाराव कारखान्यांना माणसं पुरवायचा. लागोपाठ पाऊस दगा देत होता, त्यामुळं माणसांना तोटा नव्हता. सोळा सालच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरात अकराशे नावं झाली. प्रत्येकाचा फोटो, आधार, मोबाइल, राहायचा पत्ता. उघडायला सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड, अन् तो कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेनानं लिहिलेला. चहावालासुद्धा तो टाकून गाणी लावायचा.

तनुजा आली त्या दिवसापासून योगिनीला ते कॅलेंडर खुपायला लागलं.

पॅकिंगला लागायचं म्हणून तनुजा फॉर्म भरत होती. पत्त्यापाशी थांबली. "ताई, हे लिहायलाच लागतं का?"

"पोलिसांकडं तपासायला जातं. खरा लिहावा लागतो."

तनुजानं मानेवरचा पदर जरा सरकवला. खाली कातडी मेणागत आक्रसलेली. "नवऱ्यानं रॉकेल वतलं होतं. अजून शोधतोय. हा कागद कुणाला दाखवणार नाय ना?"

"माझ्याकडून नाय जाणार," योगिनी म्हणाली.

मग तिनं कॅलेंडरचा कोपरा फाडला. हापिसातल्या चौघांना चार पासवर्ड केले, कोण काय उघडतं त्याची नोंद लागंल असं केलं, अन् पत्त्यांचा रकाना फक्त आपल्या पासवर्डानं उघडंल अशी तजवीज केली. बापाच्या कळपात तिची लाडकी मेंढी होती, ढवळी. आपल्या पासवर्डाला तेच नाव ठेवलं, पुढं एक दोन तीन.

अप्पाराव हसला. "योगे, आपली काय बँक हाय का? माणसं मोजायची अन् गाडीत घालायची."

पुंजाराम सुपरवायझर तर रुसलाच. "पोरी, मी काय चोर हाय का? तुझ्या बापाच्या वयाचा हाय मी."

"काका, तुमच्यावर इश्वास नाय असं कुठं म्हणलं? पण कोण काय उघडतं ते कळायला पाहिजे."

मे महिन्यात गल्लीतला हापसा आटला. टँकर आठव्या दिवशी यायचा. बानाबाईच्या गुडघ्यांनी जवाब दिलेला, म्हणून टँकरच्या दिवशी योगिनी दुपारीच निघायची. त्या दिवशी चार वाजता ती टिपाडात पाईप धरून उभी. मागून बाया रेटत होत्या. तेवढ्यात पुंजारामचा फोन.

"उद्याच्या बसची यादी करायचीय. पत्ते उघडंनात."

"काका, मी सकाळी देते की."

"कंपनीला आत्ता पाहिजे. चाळीस माणसं सकाळी रस्त्यावर उभी करू का?"

मागची बाई वराडली, "ए मॅडम, फोनवर बोल न्हाय तं पाणी भर!" पाईप सुटला, पाणी मातीत गेलं. योगिनीनं पाईप धरता धरता सांगून टाकलं, "ढवळी, एक दोन तीन." सकाळी गेल्या गेल्या बदलू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

सकाळी तनुजा बसला आली नाय.

पुंजाराम तंबाखू मळत म्हणाला, "कशी येईल? आई वारली बिचारीची. काल भाऊ आल्ता, डोळ्यात पाणी. मयतीचा सांगावा घेऊन आलेल्याला पत्ता नाय म्हणायचं का? यादी तशीच उघडी होती, दिला."

"तिला भाऊच नाय, काका."

पुंजारामचा हात थांबला.

ह्या खेपंला रॉकेल नव्हतं, कोयता होता. दवाखान्यात योगिनी गेली तव्हा तनुजाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेलेली होती. नवरा पळाला होता.

"तू सांगितलं का?" तनुजानं विचारलं.

"मी नाय सांगितलं. पण माझ्याच पासवर्डानं उघडलं."

तनुजानं तोंड भिंतीकडं केलं. पुढं ती कुठं गेली, हे तिनं कुणाला सांगितलं नाय, अन् योगिनीनं विचारलंबी नाय.

पोलिसांनी नोंद काढली. चार वाजून बारा मिनिटं, योगिनी. पुंजाराम हात जोडून म्हणाला, "मला कॉम्प्युटर कळतो का साहेब?" फोन झाला होता, हे मोबाइलमधी दिसत होतं. काय बोलणं झालं, ते दिसत नव्हतं. तिच्यावर गुन्हा लागला नाय, पण अप्पारावनं त्याच संध्याकाळी तिला येऊ नको म्हणून सांगितलं.

सांडू भेटायला आला तव्हा त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कानावर खूण तुझी होती, बाई."

चार महिन्यांनी दुसरीकडं नोकरी बघताना कामाचा दाखला लागला, म्हणून योगिनीनं हापिसात फोन केला. नव्या पोरीनं उचलला.

"थांबा ताई, फाईल उघडते. तुमच्याच नावानं उघडायची असते ना."

"माझ्या नावानं? अजून?"

"सगळेच तसं करतात. ढवळी, एक दोन तीन. हितं कॅलेंडरवर लिव्हलंय की."

"ते आजच्या आज बदल."

"अप्पा म्हणतात, सगळ्यांच्या ध्यानात हाय, कशाला बदलायचा?" मग पोरीचा आवाज लांब गेला, ती कुणाशी तरी बोलली, अन् आवाज परत जवळ आला. "ताई, ठेवू का? समोर एक जण आलाय. बहिणीचा पत्ता पाहिजे म्हणतो."

"देऊ नको," योगिनी म्हणाली. फोन तोवर कटला होता. तिनं परत लावला. लागंना. परत लावला.