पुढच्याला काय सांगाल?

खुर्चीमावशी पडली ती स्टुलावरून, आणि तेही माळ्यावरच्या कुबड्या काढताना. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी जिथे सामान मिळतं, त्याच खोलीत. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होईपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता, आणि ते नीट पार पडल्याचं कळल्यावर अख्खी गल्ली पोट धरून हसली. मावशीही हसली. पण सहाव्या दिवशी तिला घरी आणून खाटेवर ठेवलं तेव्हापासून तिचं हसू जे गेलं ते परत येईना.

डॉक्टरांनी घरी सोडताना स्पष्ट सांगितलं होतं. "आता रोज खुर्चीत बसायचं, मग वॉकर घेऊन उभं राहायचं. पडून राहिलात तर कायमच्या पडून राहाल." मावशीने मान डोलावली. असली वाक्यं तिने स्वतः शेकडो लोकांना ऐकवली होती, त्यामुळे मान कशी डोलवायची हे तिला चांगलं ठाऊक होतं.

ती खोली म्हणजे वाचनालयाच्या मागची, पूर्वी रद्दी ठेवायची. गेली तीस वर्षं तिथे चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या, डोकं वर करता येणारे दोन पलंग असं सामान असतं. ज्याच्या घरी आजारपण आहे त्याने यावं, न्यावं, गरज संपली की आणून द्यावं. भाडं नाही, चिठ्ठीचपाटी नाही. पाटीवर नाव भलतंच लांबलचक आहे, ते कुणी वाचत नाही. सगळे म्हणतात खुर्च्यांची खोली. आणि तिथे सकाळ-संध्याकाळ बसणारी, शाळेत शिपाई म्हणून घंटा वाजवता वाजवता निवृत्त झालेली, घंटेपेक्षा मोठ्या आवाजाची बाई म्हणजे खुर्चीमावशी.

ही खोली सुरू केली ती दवाखान्यातल्या एका कंपाउंडरने. माणूस अबोल, पण त्याची एक रीत होती. सामान परत आलं की तो "मोडतोड झाली का" असं कधी विचारायचा नाही. विचारायचा, "पुढच्याला काय सांगाल?" माणूस जे सांगेल ते पुठ्ठ्यावर लिहून तो पुठ्ठा सुतळीने त्या वस्तूला बांधायचा. खुर्ची मोडीत निघाली तरी पुठ्ठा टाकायचा नाही, नव्या खुर्चीला बांधायचा. म्हणून त्या खोलीतली प्रत्येक वस्तू बोलते. हवेच्या गादीवर लिहिलंय, "पंप गुरगुरतो, घाबरू नका, आठवड्याने त्याच्याशिवाय झोप येत नाही." कुबड्यांवर, "भार काखेत नको, हातांवर. मला हे तीन आठवड्यांनी कळलं, तुम्हाला आज कळू दे." एका वॉकरवर कुणा सुनेने लिहिलंय, "सासूबाई वॉकर मिळताच थेट शेजारणीकडे जाऊन माझ्या कागाळ्या करतात. जाऊ द्यावं. चाल सुधारते."

मावशी या खोलीत पहिल्यांदा आली ती मागायला. तिचा नवरा गवंडी होता, परांचीवरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. घरी चार वर्षांचा मुलगा, शाळेतली नोकरी तेव्हा कच्ची. बाई नाकावर माशी बसू न देणारी, त्यामुळे कुणापुढे हात पसरायचा म्हणजे तिच्या जिवावर यायचं. ती खोलीच्या दाराशी नुसती उभी राहिली. तोंडातून शब्द फुटेना. कंपाउंडरने तिच्याकडे एकदा पाहिलं, खुर्ची उघडली आणि म्हणाला, "घर कुठं आहे? चला, पोचवतो." कशाला, कुणासाठी, काही नाही. तोंड फिरवून ती रस्ताभर रडली, आणि तो माणूस रस्ताभर चाकाला तेल कसं घालायचं हे सांगत राहिला.

ते दिवस ती विसरली नाही. महिला मंडळाच्या स्वयंपाकघरातून तीन महिने दोन्ही वेळचा डबा येई. डबा आणणारी बाई दारात ठेवून निघून जाई, थांबून आभार ऐकत नसे. वॉर्ड ऑफिसातल्या एका कारकून बाईने नवऱ्याच्या अपंग-पेन्शनचा अर्ज स्वतःच्या हाताने भरला, जोडायची कागदपत्रं स्वतः झेरॉक्स करून आणली आणि म्हणाली, "आता तुम्ही फेऱ्या मारू नका, झालं की मीच निरोप पाठवते." आणि खरंच पाठवला. मावशी अजून म्हणते, "सरकारी ऑफिसातून आपणहून निरोप आलेली मी एकटीच." जन्मभर तिने देवापुढे हात जोडताना या तिघांची आठवण आधी काढली आणि देवाची नंतर.

पण खुर्ची घरात आली तरी गवंडी काही बसेना. "मी भिंती उभ्या करणारा माणूस, मला बसवता काय?" म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मावशीने समजावलं, रडली, भांडली. शेवटी कंटाळून तिने खुर्ची खिडकीपाशी लोटली आणि तिच्यावर कपडे वाळत घातले. तिसऱ्या दिवशी समोर कुणाच्या तरी कुंपणाची भिंत चढत होती. गवंडी पडल्या पडल्या थापीचा आवाज ऐकत होता. एकदम म्हणाला, "ओळंबा न लावता बांधतायत गाढवं. मला तिकडं घे." मावशीने कपडे खाली फेकले आणि त्याला खुर्चीत घेतलं. खिडकीतून ओरडून त्याने दोन थर उतरवायला लावले. त्यानंतर तो नऊ वर्षं जगला, आणि त्या खुर्चीतूनच गल्लीतल्या निम्म्या भिंती त्याने सरळ करून घेतल्या.

तो गेल्यावर मावशीने खुर्ची ब्रशने घासली, चाकांतले केस काढले आणि परत नेली. कंपाउंडरने विचारलं, "पुढच्याला काय सांगाल?" तिने पुठ्ठा मागून घेतला आणि शाळेतल्या फळ्यावर सुविचार लिहावा तशा अक्षरात लिहिलं, "माणूस बसायला नाही म्हणेल. आग्रह करू नका. खुर्ची खिडकीपाशी ठेवा आणि आपल्या कामाला लागा. तिसऱ्या दिवशी बसतो." कंपाउंडरने ते वाचलं आणि म्हणाला, "उद्यापासून शाळा सुटली की इकडं येत जा. मला एकट्याला आवरत नाही." कंपाउंडर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मावशी मात्र येतच राहिली.

तर अशी ही बाई. दुसऱ्यांना खुर्चीत बसवण्यात हयात गेली आणि आता स्वतःची पाळी आली तर म्हणते, नको.

कारण विचारलं तर तयार होतं. "खुर्चीसाठी थांबलेल्यांच्या यादीत चार जण आहेत. त्यांना ओलांडून मी खुर्ची अडवायची? यादी मी मोडणार नाही." खोलीचं काम सध्या बघत होता तो बसचा निवृत्त ड्रायव्हर, चाकं आणि ब्रेक दुरुस्त करायला येणारा. तो म्हणाला, "मावशी, चौघांचीही सोय झाली. दोन खुर्च्या पलीकडच्या दवाखान्याने दिल्या, दोन परत आल्या. आता यादीत तुमचं एकच नाव आहे." मावशीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग माझं नाव खोडा."

खरं कारण तिने कुणाला सांगितलं नाही, पण सांगायला हवं. तिला लाज वाटत होती. इतकी वर्षं ती देणाऱ्यांच्या बाजूला उभी होती. त्या बाजूला माणूस ताठ उभा राहतो, आवाज मोठा असतो. आता पुन्हा त्या दारात, तोंडातून शब्द न फुटता उभं राहायचं म्हणजे सगळी वर्षं पुसून पहिल्या पायरीवर येणं, असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं होतं. फुकट व्यायाम शिकवायला येणारी, फिजिओथेरपी करणारी मुलगी आली, तिलाही मावशीने "उद्या बघू" म्हणून चहा पाजून वाटेला लावलं. मुलगा बाहेरगावी नोकरीला. फोनवर तो चिडला, मग रडवेला झाला. मावशी फोनवर नुसती "हं, हं" करत राहिली.

सून मात्र एक शब्द बोलली नाही. सून तशी सासूपेक्षा चार शब्द जास्तच बोलणारी, त्यामुळे मावशीला हे जरा चमत्कारिक वाटलं. त्याच संध्याकाळी ड्रायव्हर एक खुर्ची घेऊन आला, खिडकीपाशी ठेवली आणि गेला. सुनेने तिच्यावर धुतलेल्या चादरी टाकल्या.

"ही इथं कशाला?" मावशीने विचारलं.

"खोलीत जागा नाही म्हणाले. असू दे दोन दिवस," सून म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

"आणि हिचा पुठ्ठा कुठाय? पुठ्ठ्याशिवाय खुर्ची बाहेर काढली? मी चार दिवस नाही तर लागलीच मनाचा कारभार सुरू!"

"विचारते त्यांना," म्हणाली सून, आणि काही विचारलं नाही.

दुसरा दिवस तसाच गेला. मावशी छताकडे बघत पडली होती. पाठीला रग लागली, टाचा दुखायला लागल्या. टाचा दुखल्यावर पुढे काय होतं ते तिला पाठ होतं. तिने डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या खोलीचं शटर वर गेलं. मावशीचं घर तळमजल्यावर, खोलीच्या अगदी समोर. दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. कुणी बाई वडिलांसाठी वॉकर न्यायला आली होती. वॉकरच्या पायांचं टक टक ऐकू आलं. मग ड्रायव्हरचा आवाज, "हां, आणखी वर घ्या. खांद्यापर्यंत आला पाहिजे."

मावशीने डोळे उघडले.

"खांद्यापर्यंत?" ती छताला म्हणाली. "अहो, मनगट! मनगटाइतका! म्हाताऱ्याला फासावर लटकवताय का?"

रस्त्यावर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. तिच्या आवाजात समोर काही ऐकू गेलं नाही. ड्रायव्हर आपला सांगतोच आहे, "अजून एक खाच वर."

"सूनबाई! अगं ए! त्या चादरी काढ. मला तिकडं घे. आधी घे, मग हस!"

सुनेने चादरी काढल्या. फिजिओच्या मुलीने त्या दिवशी जाताना दाखवलं होतं तसं सासूच्या बगलेत हात घातला, एक दोन तीन म्हटलं आणि मावशी खुर्चीत बसली. वेदनेने डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण समोर खिडकी होती आणि खिडकीत ड्रायव्हर होता, छातीपर्यंत उंच केलेला वॉकर धरून उभा. शाळेच्या घंटेला मागे टाकणारा तो आवाज गल्लीभर घुमला. "मनगट! हात खाली सोडायला सांगा, मनगट जिथे येईल तिथे मूठ! बाई, त्यांचं ऐकू नका, ते बस चालवायचे!"

वॉकर चार खाचा खाली आला. ती बाई हात जोडून खिडकीपाशी येऊन गेली. ड्रायव्हर मुद्दाम चुकला की खरंच चुकला, हे त्याने आजवर कबूल केलेलं नाही.

मावशी हुश्श करून मागे टेकली. ऊन अंगावर आलं होतं. सुनेने कमरेला खोचलेला पुठ्ठा काढला आणि खुर्चीच्या हातावर सुतळीने बांधला. मावशीच्याच अक्षरातला, चिकटपट्टी लावून लावून पिवळा पडलेला. हीच ओळ मावशीने किती घरांत मोठ्याने वाचून दाखवली होती, किती सुनांना, किती मुलांना. आणि तीन दिवस ती तिच्याच डोळ्यांसमोर घडत होती तर तिला ओळखू आली नाही.

"ड्रायव्हरकाका मला म्हणाले, काही सुचत नसेल तर पुठ्ठा वाच," सून म्हणाली.

मावशी हसायला लागली, आणि हसता हसता रडली. तिला कंपाउंडर आठवला, डबेवाली आठवली, अर्ज भरणारी बाई आठवली, आणि ओळंब्यावरून ओरडणारा तो आठवला. आपण दुसऱ्या बाजूला गेलो असं आपल्याला वाटत होतं, आणि बाजू अशी काही नव्हतीच, हे तिला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. तिने सुनेचा हात धरला. "थकलीस ना गं," म्हणाली, "चहा कर. आणि त्या फिजिओच्या मुलीला फोन लाव, तिला म्हणावं, उद्या आला."

दोन महिन्यांनी मावशी काठी टेकत गल्ली ओलांडून गेली. खुर्ची सुनेने ढकलत आणली होती, ब्रशने घासलेली, चाकांतले केस काढलेले. ड्रायव्हरने ब्रेक ओढून बघितले, वही उघडली आणि उगाच गंभीर चेहरा करून विचारलं, "पुढच्याला काय सांगाल?"

मावशीने पेन मागून घेतलं. पुठ्ठ्यावर खाली दोन बोटं जागा उरली होती. स्वतःच्याच जुन्या अक्षराखाली तिने सावकाश लिहिलं, "वरचं खरं आहे. मीसुद्धा तिसऱ्या दिवशीच बसले."