लेकीसाठी घेतलेल्या तीन खोल्या

आमचे हे कुठलंही घर बघायला गेले की आधी भिंतीवर तळहात फिरवत. खोल्या किती, पाणी केव्हा येतं, ऊन कुठून येतं, हे सगळं नंतर. हात फिरवून झाला की बोटाच्या पेराने ठोकत, कान लावत आणि एकच शब्द बोलत, "पोकळ," नाहीतर "ठीक." चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं रंगवली. हाताखालची माणसं त्यांना पाठीमागे 'पुट्टीसाहेब' म्हणत. बाकीचे रंगारी पुट्टीचा एक हात मारून मोकळे होत, पण हे तिसरा हात घासून गुळगुळीत झाल्याखेरीज रंगाचा डबा उघडू देत नसत. घरमालक कातावत, "अहो, रंग कधी लावणार?" त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, "रंग काय, दोन दिवसांत लागतो. भिंत तयार व्हायला वेळ लागतो."

माझ्या वडिलांना हा जावई पसंत नव्हता. "कॉन्व्हेंटात शिकवलेली मुलगी! भिंती रंगवायला आलेला माणूस जाताना तिलाच घेऊन गेला," असं ते पाहुण्यांना सांगत. पहिली दहा वर्षं रागाने, पुढे हसत हसत. शाळेत सिस्टरांनी रोज पाच ओळी लिहायची सवय लावली होती, ती मी लग्नानंतरही सोडली नाही. त्या वह्यांनी एक ट्रंक भरली आहे. यांना जाऊन सहा वर्षं झाली. हल्ली दुपारी एखादी वही काढून वाचत बसते. काल हाताला लागली ती आमची लेक विद्यापीठात गेली त्या वेळची.

एकुलती एक लेक. विद्यापीठ बसने तीन तासांवर. वसतिगृहात एका खोलीत चौघी आणि चौघींत मिळून एक टेबल. हे तिला भेटून आले आणि जेवताना मध्येच हात थांबवून म्हणाले, "पोरगी पलंगावर मांडी घालून, उशीवर वही ठेवून लिहिते गं." त्या आठवड्यात ते ज्याच्याकडे काम करत होते त्या ठेकेदाराने यांच्या डोक्यात एक कल्पना सोडून दिली. विद्यापीठाजवळ तीन खोल्यांची जागा घ्यायची, एका खोलीत लेक, दुसऱ्या दोन खोल्या तिच्यासारख्याच मुलींना भाड्याने द्यायच्या. भाड्यातून हप्ता निघेल.

"म्हणजे आपण घरमालक होणार?" मी विचारलं.

"मालक कसले, मॅडम! पोरगी आपल्या घरात राहील."

माझ्या इंग्रजी शाळेची चेष्टा करायची असली की मी 'मॅडम' व्हायचे. त्या संध्याकाळी 'आपल्या घरात' हे शब्द ते तीनदा बोलले. वहीत तसं लिहिलेलं आहे.

पाच रविवार आणि चौदा घरं. दलाल बिचारा जिने चढून चढून घामाघूम व्हायचा. ताजा रंग दिसला की हे उंबऱ्यावरूनच मागे फिरत. "विकायच्या आधी घाईने रंग मारलाय. काय झाकलंय देव जाणे." अकराव्या घरात दलालाने हात जोडले. "साहेब, आतापर्यंत एवढी स्थळं तर मी माझ्या बहिणीसाठीसुद्धा पाहिली नाहीत."

चौदावं घर झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. भिंती कळकट. पलंग असायचे तिथे डोक्यांचे तेलकट डाग, खिळ्यांची शेकडो भोकं, एका दारामागे कुणीतरी पेन्सिलने केलेल्या गणितांचा ढीग. मी नाक मुरडलं. यांनी हात फिरवला, ठोकलं, कान लावला. "ठीक," म्हणाले. दलाल तिथेच पायरीवर बसला.

त्या उन्हाळ्यात यांनी एकही बाहेरचं काम घेतलं नाही. सहा आठवडे तिथेच राहून तिन्ही खोल्या स्वतः केल्या. प्रत्येक भोक बुजवलं. सुट्टी संपवून लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी आल्या, तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर सायीसारखं पसरलं होतं. एक मैत्रीण खूप उंच होती, दुसरी सतत गुणगुणायची. दोघी हरखून गेल्या. यांनी त्यांना खोल्या दाखवल्या, नळ दाखवले आणि शेवटी सांगितलं, "फक्त एक. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. चिकटपट्टी लावायची नाही. काही हवं असेल तर माझ्या पोरीला सांगा, ती मला सांगेल."

यात काही चुकतंय असं मलाही वाटलं नाही. मी नव्या पडद्यांचं माप घेत होते.

दर महिन्याचा पहिला रविवार यांचा तिथला ठरलेला. पिशवीत पुट्टी ओढायचा पत्रा, पॉलिश पेपर, डबीत थोडी पुट्टी. लेकीला बघायला जातो म्हणत, पण बघत भिंती. संध्याकाळी परत आले की मला सांगत, "खुर्चीची पाठ घासतेय. खुर्च्या चार बोटं पुढे ठेवल्या." मुली काय म्हणाल्या, लेक कशी आहे, हे मला विचारून विचारून काढावं लागे.

उंच मुलीने नोव्हेंबरात खिळा ठोकला. मोरीतला आरसा यांनी सगळ्यांच्या मापाने बसवला होता, त्यात तिला स्वतःची हनुवटी आणि गळा तेवढा दिसे. म्हणून तिने स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या उंचीवर आरसा टांगला. रविवारी हे गेले तेव्हा घरात कोणी नव्हतं. यांनी किल्लीने दार उघडलं, खिळा उपसला, भोक बुजवलं, घासलं, रंगाचा हात दिला आणि आरसा जपून, फडक्याने पुसून, भिंतीशी खाली टेकवून ठेवला. घरी येऊन मला म्हणाले, "कुठे होता ते आता मलासुद्धा सापडणार नाही." केवढे खूश होते!

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी दहाला लेक दारात. हे कामावर गेले होते. तिने चहा घेतला नाही.

"आई, त्या दोघी महिनाअखेर दुसरीकडे जातायत. मीही त्यांच्याबरोबर जातेय."

"म्हणजे? आणि घर?"

"परवा ती मला काय म्हणाली माहितेय? 'मालकीणबाई, तुमच्या वडिलांनी माझं तोंड भिंतीवरून काढून खाली ठेवलंय.' सगळे हसले. मीही हसले. पण खोलीत जाऊन रडले. त्या दोघी उशी भिंतीला टेकवतानाही आधी माझ्याकडे बघतात गं."

"बाबांना सांगितलंस?"

"तू सांग ना."

मी नाही म्हटलं. "त्यांनी किती जीव ओतलाय त्यात. सांगायचं तर तू सांग, तोंडावर सांग. मी येईन बरोबर." खरं म्हणजे मला भीती वाटली होती. त्या सहा आठवड्यांत यांची पाठ कायमची धरली होती आणि तरी सकाळी उठून शिट्टी वाजवत ब्रश धुवायचे.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. पहिला रविवार नव्हता, पण यांनी पिशवी घेतलीच. दारापाशी त्यांनी खिशातून किल्ली काढली. मी पुढे होऊन बेल वाजवली.

"अगं, किल्ली आहे की."

"असू दे."

लेकीने दार उघडलं. आतून गुणगुणणं थांबलं, दोन दारं हलकेच लागली. ती आम्हाला आत घेऊन गेली आणि उभ्यानेच बोलायला लागली, पाठ करून आल्यासारखी.

"बाबा, तुम्ही इथे बेल न वाजवता येता. मागच्या महिन्यात माझी एक मैत्रीण अंघोळ करून बाहेर आली आणि तुम्ही स्टुलावर उभे. वसतिगृहात मला टेबल नव्हतं, पण कुणाला माझी परवानगी लागत नव्हती. मी इथे राहत नाही, बाबा. राखण करते."

हे भिंतीकडे बघत होते. मग पिशवी खाली ठेवली. "बरं, खिळे ठोका. हवे तेवढे ठोका. मी आणून देतो चांगले स्टीलचे."

"खिळ्यांचं नाही हो, बाबा."

खालच्या दुकानातलं मशीन चालू होतं, त्याचा आवाज फरशीतून येत होता.

"कुठे जाणार?" यांनी विचारलं.

"बाजाराच्या मागे. पत्र्याच्या जिन्याचं घर आहे."

"भिंती कशा आहेत?"

"मी बघितल्याच नाहीत."

मला हसू फुटलं. हे हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझं टेबल जड आहे. जिन्यावरून न्यायला दोन माणसं लागतील. एक मी येतो."

एक तारखेला हे तिकडे गेले, टेबल वर चढवलं आणि उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता परत आले. आमच्या तीन खोल्यांत तीन अनोळखी मुली राहायला आल्या. यांनी स्वतःजवळची किल्लीही त्यांना देऊन टाकली. पुढे कोण कोण राहून गेलं, त्यांनी भिंतींचं काय काय केलं, कधी विचारलं नाही. तक्रारीचं पत्र आलं तरच जात, तेही आधी कळवून.

लेकीने आम्हाला बोलावलं ते फेब्रुवारीत. तिची नवी खोली! छताला पोपडे, खिडकीखाली रंग फुगून त्याचे पापुद्रे लोंबत होते. एका कोपऱ्यात वर्तमानपत्र चिकटवलं होतं. उंच मुलीचा आरसा छताजवळ. यांना बसायला लेकीने जी खुर्ची दिली, तिची पाठ नेमकी त्या फुगलेल्या भिंतीला. दोन तास हे तिथे बसले. चहा प्यायले, गुणगुणणाऱ्या मुलीला गाणं म्हणायला लावलं, अभ्यासाची चौकशी केली. कोटावर पांढरा भुगा पडत होता, तो झटकलासुद्धा नाही. निघताना लेक जिन्यापर्यंत आली आणि यांच्या दंडाला धरून म्हणाली, "परत या हं, बाबा." यांनी मान हलवली.

बस सुटली आणि यांनी सुरुवात केली. ओल खिडकीच्या चौकटीतून येतेय, वरून नाही. आधी चौकट बंद करायला हवी, मग सगळं विटेपर्यंत खरवडायचं, पंधरा दिवस तसंच वाळू द्यायचं.

"मग तिथे का नाही बोललात?"

"मला कुणी विचारलं?" ते म्हणाले, आणि सुरुवात कुठून करायची ते पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. मी ऐकत राहिले.