मी लायक नाही

आमच्या चर्चमध्ये मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे पंच, निवडताना ज्याचे नाव सुचवले जाते, त्याने उभे राहून ‘मी लायक नाही’ म्हणायचे आणि मग सर्वांनी आग्रह करायचा, अशी रीत आहे. परवा शलमोनभाऊ हे वाक्य म्हणत असताना त्यांची बोटे कोटाचे बटण लावत होती. मला त्यांच्या नम्रतेविषयी शंका आली.

“नवरदेव तयार आहे हो!” मागून मार्थाबाई कुजबुजल्या. मी हसलो.

लोकांनी आग्रह केला. भाऊ निवडले गेले.

मग माझे नाव आले. मीही हळू आवाजात तेच म्हणालो. कुणीच आग्रह केला नाही. जरा थांबून पाळकसाहेब प्रेमाने म्हणाले, “बरं, तुमच्या शब्दाचा मान राखू.”

मी खरेच बोललो होतो. ते सर्वांनी खरे मानले, याचा राग मात्र अजून उतरलेला नाही.