गॉलवेतला वन्स मोअर

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या एका पबमध्ये, रविवारी दुपारी, फुफ्फुसं संपत आलेल्या एका सॅक्सोफोनवादकाला मी 'वन्स मोअर' दिला.

चूक एवढीच. पण मागचंपुढचं सांगितल्याशिवाय तिची खरी उंची कळायची नाही.

तेव्हा मी जॅझच्या इतिहासावर मराठीत लेखमाला लिहीत होतो. दिवसभर वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं आणि घरी येऊन लेख पाडायचे. मला साधी शिट्टीही धड वाजवता येत नाही. त्यामुळे समीक्षक व्हायला काही अडचण नव्हती. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवून सिनेमाच्या गाण्यांवर पोट भरणाऱ्या गोव्याच्या वादकांवर दोन लेख झाले होते. तिसऱ्याला आयरिश माणूस हवा होता. तो आमच्या घरापासून चार घरं सोडून निघाला.

ऐंशीच्या घरातला. नाकात ऑक्सिजनची नळी, शेजारी चाकांवरचा सिलिंडर. सिलिंडरला तो 'माझा ड्रमर' म्हणायचा. "ठेका सोडत नाही आणि पिऊन येत नाही. असा ड्रमर मला आयुष्यात मिळाला नव्हता."

त्याच्या आजोबांच्या काळात इथले पाद्री जॅझविरुद्ध प्रवचनं देत. "आणि नातू त्याच पापावर जगला," मी म्हणालो. मला वाटलं, लेखाला वाक्य मिळालं.

"जगलो कुठे त्याच्यावर?" तो म्हणाला. "जगलो शोबँडवर." म्हणजे गावोगावच्या नाचाच्या हॉलमध्ये वाजवणारा बँड. रेडिओवर गाजलेलं गाणं तिथे जसंच्या तसं वाजवायचं. सूर तोच, श्वास घ्यायची जागासुद्धा तीच. लोकांनी पुन्हा म्हटलं की पुन्हा. "इतकी वर्षं वाजवलं की नाही म्हणायची सवयच गेली. रविवारी दुपारी मात्र आमचं जॅझ. तिथे एकदा वाजवलं, ते गेलं. ते पुन्हा कुणी मागायचं नाही, आम्ही द्यायचं नाही."

घरी येऊन मी लेखाचं पहिलं वाक्य लिहिलं, 'जॅझमधली सुरावट एकदाच जन्माला येते.' इतकं आवडलं की बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

"एकदाच येते ना? मग दोनदा कशाला वाचतोस?" ती म्हणाली.

पुढे एकदा चहा पिता पिता त्याने सांगितलं, की छातीच्या डॉक्टरांनी वाद्य बंद करायला सांगितलंय. "पण एक सोलो अजून उरलाय माझ्यात. या रविवारी वाजवतो, नीट शेवटाला नेतो आणि सॅक्सोफोनची पेटी बंद करतो. तूही ये."

"एकच," त्याची बायको कपात दूध ओतत म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिने.

रविवारी त्याने नळी काढून खुर्चीच्या पाठीला अडकवली. संथ चाल धरली. मध्येच एक सूर त्याने इतका हळू सोडला, की बारमागच्या माणसाने ग्लास धुवायचा नळ बंद केला. मला तो नळ फार आवडला. लेखात तो कुठे बसवायचा, सुरुवातीला की शेवटी, याचा मी विचार करत राहिलो. नळ शेवटी ठेवायचा असं ठरलं, तोवर सोलो संपला होता.

संपला म्हणजे त्याला हवा होता तसाच संपला. त्याने सॅक्सोफोन खाली घेतला, बायकोकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या. 'झालं की नाही?' तिने मान हलवली.

आणि मी ओरडलो, "वन्स मोअर!"

आमच्याकडे तो मान असतो हो. संगीत नाटकात वन्स मोअर आला की नुकताच प्राण सोडलेला नायकसुद्धा उठतो, पद म्हणतो आणि परत मरतो. लहानपणी बाल्कनीत बसून मी असे कितीतरी मेलेले उठवले होते.

पबला गंमत वाटली. लोकांनी टेबलं बडवायला सुरुवात केली. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने माझी बाही ओढली. "अरे, काय करतोयस? त्याचे ओठ बघ!"

ओठ निळे पडले होते. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसला. नाचाच्या हॉलमधलं हसू असणार ते. मग सॅक्सोफोन वर घेतला.

पहिल्या दोन ओळी बऱ्या गेल्या. नंतर नुसती हवा यायला लागली. सायकलच्या पंपातून येते तशी. पियानोवाला जोरजोरात वाजवून ती झाकायला बघत होता. म्हाताऱ्याला नळी सापडेना. सापडली तर नाकाला लागेना. त्याच्या बायकोने लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शर्यतीत पडलेल्या पोराला वाजवतात तशा. त्या ऐकून त्याने मान खाली घातली, ती गाडीत बसेपर्यंत वर केली नाही.

पेटी पुन्हा उघडली नाही. हिवाळा लागायच्या आत तो गेला.

इथे माणूस गेला की त्याला घरातच दिवाणखान्यात ठेवतात. शेजारीपाजारी रांगेने येतात, घरच्यांचा हात हातात घेतात, दोन शब्द बोलतात आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा-सँडविच घेतात. मीही रांगेत उभा राहिलो. दोन शब्द पुरले असते. पण मी समीक्षक. पुढे सरकता सरकता वाक्यं जुळवत होतो.

त्याच्या बायकोचा हात हातात घेऊन मी म्हणालो, त्या दिवशीचा पहिला सोलो मी कधी विसरणार नाही. त्याच्यावर सविस्तर लिहिणार आहे. इतका सुंदर होता, की मला राहवलं नाही, पुन्हा ऐकावासा वाटला.

तिने हात सोडवून घेतला आणि माझ्या मागच्या माणसापुढे धरला.

"का?" ती म्हणाली. "पहिल्यांदा वाजवला तेव्हा ऐकत नव्हतास?"